जायबंदी गुडघ्याचा खर्च कोणाच्या खाती?

३ डिसेंबर २०२३ रोजी राजस्थान विधानसभेची मतमोजणी झाली, तेव्हा जयपूरच्या विद्याधर नगर मतदारसंघाचे नाव देशभरातील वाहिन्यांवर झळकले. जयपूरच्या पूर्वीच्या राजघराण्यातील दिया कुमारी तेथून ७१ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या आणि पुढे उपमुख्यमंत्री झाल्या. दुसऱ्याच दिवशी मिझोरामची मोजणी झाली. तिच्याकडे उर्वरित देशाचे फारसे लक्ष नव्हते. दक्षिण तुईपुई मतदारसंघात तेथील विद्यमान आरोग्यमंत्री आर. लालथांगलियाना अवघ्या १३५ मतांनी पराभूत झाले होते. त्यांना हरवणाऱ्या उमेदवाराचे वय होते ३२ वर्षे आणि नाव होते जेजे लालपेखलुआ. एरवी ज्या वयात आघाडीचा फुटबॉलपटू अजून दोन-तीन मोसम खेळण्याचे गणित मांडत असतो, त्या वयात जेजे निवृत्त होऊन विधानसभेत पोहोचला होता.

राजकारणात त्याने मिळवलेल्या यशाचे कौतुक करायला हरकत नाही. पण या वाटेची सुरुवात कोठे झाली, हे पुणेकरांना तरी आठवत असेल. २००९ मध्ये मिझोरामच्या डोंगरातून आलेला हा १८ वर्षांचा मुलगा पुणे एफसीत दाखल झाला. पुढच्याच मोसमात महासंघाच्या युवा संघाकडून, म्हणजे इंडियन ॲरोजकडून खेळताना त्याने आय-लीगमध्ये १३ गोल केले. त्या मोसमात कोणत्याही भारतीय खेळाडूचे इतके गोल नव्हते. २०११ मध्ये तो देशासाठी खेळला. पुढे चेन्नईयिन एफसीच्या २०१५ आणि २०१८ च्या दोन्ही विजेतेपदांत आणि मोहन बागानच्या २०१४-१५ च्या आय-लीग विजेतेपदात तो होता. भारताकडून ५६ सामन्यांत २३ गोल ही त्याची नोंद आहे. सुनील छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न विचारला जाई तेव्हा काही वर्षे तरी उत्तर म्हणून त्याचेच नाव पुढे येत असे.

६ जानेवारी २०१९ रोजी अबू धाबीत आशियाई चषकाच्या सामन्यात भारताने थायलंडला ४-१ असे हरवले. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या जेजेने मैदानात आल्यानंतर थोड्याच वेळात चौथा गोल केला. दुसऱ्या दिवशी त्याला २८ वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०१९-२० चा संपूर्ण मोसम त्याने मैदानाबाहेर काढला. २०२० मध्ये करार संपला. ईस्ट बंगालने त्याला घेतले, पण तेथे तो मोजकेच सामने खेळू शकला. त्यानंतर त्याच्या नावापुढे काही नोंद नाही. थेट २०२३ मधील निवृत्तीची घोषणा.

यात कोणा एकाचा दोष शोधण्याचा हेतू नाही. गुडघा कोणाचाही जाऊ शकतो, आणि चेन्नईयिनने तरी करार असेपर्यंत त्याला बाहेर काढले नाही. मुद्दा वेगळा आहे. राष्ट्रीय संघाचा आघाडीवीर, लाखो लोकांना नावाने ठाऊक असलेला खेळाडू जर दुखापतीनंतर इतक्या निमूटपणे दिसेनासा होत असेल, तर ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही अशा १९ वर्षांच्या मुलाचे काय होत असेल?

हा प्रश्न मी विद्याधर नगरमध्ये बसून विचारतो आहे, त्याला कारण आहे. १७२७ मध्ये वसलेल्या जयपूर शहराच्या रचनेचे श्रेय ज्या विद्याधर भट्टाचार्यांना दिले जाते, त्यांचे नाव या उपनगराला आहे. याचा आराखडा १९८० च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी केला. त्यांचा जन्म पुण्याचा आणि वास्तुकलेचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. मधले. येथील स्टेडियमवर आता राजस्थान युनायटेड हा क्लब आय-लीगचे सामने खेळतो. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने २०२२ च्या ड्युरँड चषकात मोहन बागानला ३-२ असे चकित केले होते. त्या काळात त्याचे ‘घरचे’ सामनेसुद्धा दिल्लीत होत. आता राज्याच्या राजधानीत मैदान आहे, प्रेक्षक आहेत आणि सरावाला येणारी मुले आहेत. शेखावाटी, बिकानेर, अलवरकडच्या मुलाला फुटबॉल हा पोटापाण्याचा मार्ग होऊ शकतो असे वाटू लागण्याचा हा पहिलाच काळ असावा. म्हणूनच त्या मार्गावर पाय मोडला तर पुढे काय, हे आत्ताच विचारायला हवे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक विसंगती दिसते. जयपूर संस्थानात खेळ म्हणजे पोलो. दुसऱ्या सवाई मानसिंहांच्या संघाने १९३३ मध्ये इंग्लंडचा पोलो मोसम गाजवला, आणि १९७० मध्ये त्यांना मरणही इंग्लंडमध्ये पोलो खेळतानाच आले. त्या व्यवस्थेत घोड्याच्या पायाची निगा राखायला वैद्य होते, मोतद्दार होते, दाणावैरणीचा हिशेब होता. जायबंदी जनावर हा दरबाराच्या खर्चाचा भाग होता. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान कुस्तीला दिले. त्यांच्या पदरी असलेल्या मल्लांची खुराकाची आणि निर्वाहाची सोयही दरबाराकडे होती. आजही कोल्हापूरचे फुटबॉल संघ पेठांतील तालमींची नावे लावतात, हे निव्वळ योगायोगाने घडलेले नाही. हा सगळा आश्रय राजाच्या मर्जीवरचा होता, हक्काचा नव्हता. त्याची पुनःस्थापना व्हावी असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. पण ज्याच्या अंगावर आपला लौकिक उभा आहे त्याच्या अंगाची जबाबदारी आपली आहे, एवढे त्या व्यवस्थेला कळत होते.

स्वातंत्र्यानंतर राजाची जागा नोकरीने घेतली. राजस्थानने देशाला दिलेले सर्वांत मोठे फुटबॉलपटू मगनसिंह राजवी १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते आणि १९७३ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ते खेळले बिकानेरच्या आरएसी संघाकडून, म्हणजे राजस्थान सशस्त्र पोलीस दलाकडून. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, आरसीएफ, दोन्ही रेल्वे यांचे संघ होते. तिकडे पंजाबात सीमा सुरक्षा दल आणि जेसीटी होते. या संघांत खेळणाऱ्यांना श्रीमंती लाभली नाही. मात्र नोकरीवर असलेल्या खेळाडूचा गुडघा गेला तर त्याचा खेळ संपे, पगार चालू राही. भंडार विभागातली एक खुर्ची, रेल्वेचा वैद्यकीय पास, निवृत्तिवेतन एवढे त्याच्यासाठी शिल्लक असे. या व्यवस्थेने खेळाची गुणवत्ता वाढवली नाही, ही टीका रास्त आहे. खुर्ची सुरक्षित असलेला खेळाडू व्यायामाला टाळाटाळ करतो, हेही मी सरकारी संघांत पाहिले आहे. पण विमा म्हणून ती चोख होती.

१९९६ ची राष्ट्रीय लीग, २००७ ची आय-लीग आणि २०१४ ची इंडियन सुपर लीग या तीन टप्प्यांत आपण ती व्यवस्था मोडीत काढली. पगार वाढले, परदेशी प्रशिक्षक आले, दूरचित्रवाणी आली. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, जेसीटी २०११ मध्ये. नोकरी गेली आणि तिच्या जागी आला एक-दोन मोसमांचा करार. त्या बदल्यात नोकरीत दडलेला विमाही गेला, याची नोंद मात्र कोणी घेतली नाही. खरे तर हेच या लेखाचे सूत्र आहे: आपण खेळाचे खासगीकरण केले, जोखमीचेही केले, पण ती जोखीम क्लबच्या नव्हे, खेळाडूच्या खात्यावर टाकली.

पुण्याचेच उदाहरण घ्या. जेजेला घडवणारा पुणे एफसी काही वर्षांत विसर्जित झाला आणि २०१६ मध्ये त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. तीन-चार वर्षांत एका शहरातले तीन क्लब गेले. क्लब बंद होतो तेव्हा वर्तमानपत्रांत चाहत्यांच्या दुःखाची बातमी येते. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर आणखी काही नाहीसे होते. कोणाच्या मांडीचा स्नायू दोनदा फाटला होता, कोणाच्या घोट्यात स्क्रू आहे, कोणाला किती आठवडे विश्रांती सांगितली होती, ही सारी माहिती. पुढच्या क्लबपुढे तो खेळाडू जातो तो केवळ स्वतःच्या शब्दावर, आणि नोकरी मागणारा माणूस आपले दुखणे आपण होऊन सांगत नाही.

२०२५ मध्ये तर ही टांगती तलवार सर्वांत वरच्या लीगवर आली. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील करार संपत आल्याने जुलैमध्ये सुपर लीगचा मोसम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईयिनसारख्या क्लबांनी वेतन थांबवले. तंदुरुस्त खेळाडूला त्या महिन्यांत एकट्याने पळून का होईना, शरीर राखता येते. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात असलेल्याने काय करावे?

दुखापतीच्या वैद्यकाचा थोडा तपशील येथे आवश्यक आहे, कारण धोरणातली खरी भेग तिथेच आहे. गुडघ्यातील पुढचा बंध, ज्याला खेळाडू सरसकट ‘एसीएल’ म्हणतात, तो तुटला की बहुधा स्वतःच्याच शरीरातील स्नायुबंधाचा तुकडा घेऊन नवा बंध बसवतात. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची. खरे काम त्यानंतर सुरू होते. आधी सूज उतरवणे, मग मांडीची गेलेली ताकद आणणे, मग सरळ धावणे, मग वळणे, मग चेंडू, आणि सर्वांत शेवटी दुसऱ्या खेळाडूशी टक्कर. याला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण लक्षणीय जास्त असते, हे आता अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. २०२३ च्या किंग्ज चषकात आशिक कुरुनियनचा हाच बंध फाटला आणि पुढचा आशियाई चषक त्याला हुकला. संदेश झिंगनने २०१९-२० चा मोसम याच कारणाने गमावला. ते दोघे परतले, कारण त्यांच्यामागे मोठे क्लब होते.

आता हे नऊ महिने सरकारी कागदावर ठेवून पाहा. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि गरिबाच्या मुलाची शस्त्रक्रिया त्यात बसूही शकेल. पण रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च ही योजना १५ दिवसांपर्यंतच पाहते. रुग्णाला चालता यावे, हा तिचा उद्देश आहे. त्याने बचावपटूला चकवावे, हा नव्हे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२० मध्ये आपल्या योजनांतील १३ हजारांहून अधिक खेळाडू, प्रशिक्षक व सहायकांना विमा दिला. पाच लाखांचा आरोग्य विमा आणि अपघात वा मृत्यूसाठी २५ लाख, ही चांगली सुरुवात होती. परंतु खासगी क्लबच्या करारावर असलेला मुलगा त्या यादीत असेलच असे नाही. आणि केंद्राचा खेळाडू कल्याण निधी? तो १९८२ चा, हलाखीत दिवस काढणाऱ्या नामवंत खेळाडूंसाठी. म्हणजे आधी नामवंत व्हायचे, मग हलाखीत जायचे, आणि दोन्हींचे दाखले जोडून अर्ज करायचा. अशा अर्जांवर टिपणी लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. १९ वर्षांचा जायबंदी मुलगा त्या दारापर्यंत पोहोचत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

खेळाडूंसाठीच्या राखीव नोकऱ्यांचेही तसेच. राजस्थानात दोन टक्के, महाराष्ट्रात पाच टक्के. दोन्हीकडे पात्रता ठरते ती विशिष्ट स्तरावरील सहभागाच्या वा पदकाच्या प्रमाणपत्रावर. जो त्या स्तराच्या उंबरठ्यावर असताना पडला, त्याच्याकडे प्रमाणपत्र नसते.

कायद्याकडे वळले तर चित्र अधिक चमत्कारिक आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ राज्यसूचीत आहे, सार्वजनिक आरोग्यही राज्यसूचीत, विमा संघसूचीत आणि कामगारकल्याण समवर्ती सूचीत. एका गुडघ्यासाठी तिन्ही सूच्यांची दारे ठोठवायची. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने दृक्श्राव्य निर्मितीत काम करणाऱ्यांना स्थान दिले, आणि त्या निर्मितीच्या व्याख्येत चित्रपट, मालिका, रिॲलिटी शो यांच्याबरोबर क्रीडाविषयक कार्यक्रमही आहेत. अभिनेता, गायक, नर्तक, निवेदक यांचा उल्लेख तिथे आहे. खेळाडू हा शब्द नाही. सामन्याचे चित्रीकरण करताना कॅमेरामनचा पाय मुरगळला तर त्याला संहितेत निदान एक ओळ सापडेल. ज्याच्यावर कॅमेरा रोखला आहे त्याला मात्र आधी आपण कामगार आहोत हे सिद्ध करावे लागेल. २०२५ चाच राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा महत्त्वाचा आहे, पण त्याचा गाभा त्याच्या नावातच आहे. मंडळ, निवडणुका, न्यायाधिकरण, म्हणजे प्रशासन.

जर्मनीत व्यावसायिक फुटबॉलपटू वैधानिक अपघात विम्याखाली येतो. क्लब वर्गणी भरतो, आणि उपचार व पुनर्वसन विमा संस्था पाहते. तीच संस्था दरवर्षी दुखापतींचा अहवालही काढते, कारण पैसे तिचे जातात. किती दुखापती सरावात, किती सामन्यात, कोणत्या महिन्यात, हे तिला ठाऊक असते. आपल्याकडे हे मोजणारा कोणी नाही, कारण त्याचे पैसे भरणारा कोणी नाही. फिफाचीही एक योजना २०१२ पासून आहे: राष्ट्रीय संघाकडून खेळताना खेळाडू जखमी झाला आणि २८ दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर क्लबला त्याच्या वेतनाची भरपाई मिळते, वर्षाला कमाल ७५ लाख युरो. लक्षात घ्या, भरपाई क्लबला. ऑगस्ट २०२५ मध्ये मोहन बागानने राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू सोडण्यास नकार दिला, तेव्हा जखमी खेळाडूंच्या बाबतीतली महासंघाची अनास्था हेच त्यामागचे गाऱ्हाणे होते. मोठा क्लब निदान भांडू शकतो.

सगळ्यांत अवघड प्रकरण अन्वर अलीचे आहे. त्याला दुखापत झाली नव्हती, तरी त्याच्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. पंजाबचा हा बचावपटू २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि पुढे मुंबई सिटीने त्याला घेतले. २०१९ मध्ये तपासणीत हृदयविकार आढळला. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा. महासंघाने त्याला खेळण्यास मनाई केली. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. अखेर तो परतला आणि मार्च २०२२ मध्ये भारताच्या वरिष्ठ संघात आला. महासंघ चुकला असे मी म्हणणार नाही. २००४ मध्ये बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावर कोसळून मरण पावला, ती आठवण असलेल्या कोणत्याही वैद्यकीय समितीने सावधच राहावे. पण समितीपुढचा प्रश्न फक्त ‘खेळू द्यावे की नाही’ एवढाच होता. ‘खेळू दिले नाही तर त्याने जगावे कशावर’ हा प्रश्न कोणाच्याच कार्यकक्षेत नव्हता. तो जर कोणी सोडवला असता, तर २० वर्षांच्या मुलाला जीव आणि रोजी यांतून निवड करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

याच मुंबईच्या मैदानांवर खालिद जमीलचे उदाहरण आहे. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला हा मध्यरक्षक दुखापतींनी बेजार होऊन थांबला. २००९ मध्ये मुंबई एफसीने त्याला प्रशिक्षक केले, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. २०१७ मध्ये त्याने ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. यातून दुखापत हे संधीचेच दार असते, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका क्लबला एका माणसात गुण दिसले, एवढेच त्यातून सिद्ध होते. जेजेला मतदारांनी सावरले, खालिदला एका क्लबने. व्यवस्थेने कोणालाच नाही.

करता येण्यासारखे काय आहे? फार मोठा निधी लागेल असे मला वाटत नाही. पहिली गोष्ट म्हणजे खेळाडूच्या मालकीची वैद्यकीय नोंद. तिची किल्ली खेळाडूकडे असावी आणि क्लब बंद पडला तरी ती टिकावी. महासंघाकडे नोंदणीची संगणकीय प्रणाली आहेच. दुसरी, करार संपला तरी त्या करारात झालेल्या दुखापतीचा उपचार पूर्ण होईपर्यंत चालणारा विमा. जखमी झाला म्हणून चालू करार मोडता येत नाही, हे फिफाच्या यंत्रणेने अनेक निवाड्यांत मान्य केले आहे. पण करार मार्चमध्ये जायबंदी झालेल्याचा मे महिन्यात आपोआप संपला, तर ती पळवाट पूर्णतः कायदेशीर आहे. नऊ महिन्यांचा गुडघा आणि दोन महिन्यांचा करार यांतले अंतर विम्यानेच भरता येईल. वर्गणीसाठी नमुनाही तयार आहे: आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतील पाच टक्के वाटा खेळाडूला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना जातो. देशांतर्गत बदल्यांवर त्याहून कितीतरी लहान वाटा या निधीसाठी घेता येईल.

क्लबांचे म्हणणे मी ऐकले आहे: आय-लीगचा क्लब आधीच तोट्यात, त्यावर हे ओझे कशाला? आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच सुरुवात राज्य सरकारांनी करावी, कारण त्यांच्या हातात एक साधन आहे, ज्याकडे ते साधन म्हणून पाहतच नाहीत: मैदान. या देशातली बहुतेक फुटबॉल मैदाने सार्वजनिक पैशातून उभी राहिली आहेत आणि क्लब ती भाड्याने वापरतात. भाड्यात सवलत द्यायची ती विम्याच्या बदल्यात द्यावी, रोख अनुदानाच्या स्वरूपात नव्हे. राजस्थानचे क्रीडामंत्री राज्यवर्धनसिंह राठोड स्वतः ऑलिम्पिक पदकविजेते आहेत आणि शेजारच्याच झोटवाडा मतदारसंघाचे आमदार आहेत. उपमुख्यमंत्री विद्याधर नगरच्या आणि त्यांच्याकडे अर्थखातेही आहे. सामन्यासाठी स्टेडियम देताना अग्निशमनाचा दाखला, पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिकेची हमी हे कागद आजही मागितले जातात. त्याच नस्तीत संघातील प्रत्येक खेळाडूच्या विम्याची प्रत मागण्यासाठी विधानसभेत विधेयक आणावे लागत नाही, शासन निर्णय पुरतो.